घरच्या झाडाचे आहेत!

पुण्यात आंबे खायचे असतील तर मार्केट यार्डात जावे, पेटीची वरची रांग बघावी, खालची बघू देत नाहीत म्हणून भांडावे आणि पेटी घेऊन घरी यावे. आंब्याचे झाड लावणे हा निराळा उद्योग आहे. त्यात आंब्याचा संबंध अगदी शेवटी येतो आणि तोही बेताचाच. झाड लावणाऱ्याला खरे तर एक वाक्य हवे असते. मे महिन्यातल्या संध्याकाळी समोरच्यांच्या दारात उभे राहायचे, कापडी पिशवी थोडी पुढे करायची आणि मुद्दाम साध्या आवाजात म्हणायचे, "काही नाही हो, घरच्या झाडाचे आहेत." कलम लावले तर हे वाक्य चार-पाच वर्षांत म्हणता येते. कोय रुजवली असेल तर आठ-दहा वर्षे थांबावे लागते आणि तोवर समोरचे बाणेरला राहायला गेलेले असतात.

आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे मूळ गाव कोकणात आहे. प्रत्येकाची तिकडे एक सामाईक बाग आहे आणि प्रत्येक सामाईक बागेत एक चुलतभाऊ आहे. "यंदा काही लागलंच नाही" हे त्याचे वाक्य आजोबांच्या काळापासून चालत आले आहे. बोलणारा बदलला, वाक्य तेच राहिले. एखाद्या वर्षी बाग फारच लागली आणि ती बातमी कुणाच्या तरी लग्नात फुटलीच, तर एक पेटी येते. तिच्यात गवत छान असते. तेव्हा जो वाटा तिकडून येत नाही तो इकडे कंपाउंडच्या आत पिकवून घ्यावा, अशा जिद्दीने पुण्यातला माणूस हापूसचे कलम आणतो. हे बागकाम नसते, दिवाणी दाव्याची अंमलबजावणी असते.

हापूसला या भाऊबंदकीशी काही देणेघेणे नाही. त्याला जांभा लागतो, डोंगरउतार लागतो, समुद्रावरून येणारी हवा लागते. पुण्यात त्याला मिळतो समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचा काळा पाषाण, कोरडा वारा आणि एक दिवसाआडचे पाणी. बरे, कोकणात तरी तो कुठे नेमाने फळतो? एक वर्ष लागला की दुसऱ्या वर्षी विश्रांती. म्हणून तर बागायतदार पावसाळ्यात त्याच्या मुळाशी पॅक्लोब्युट्रेझॉल घालतात. हे नाव उच्चारेपर्यंत मोहोर गळून जाईल, म्हणून सगळे कोकण त्याला कल्टार म्हणते. इतके करून फळ आले, बाहेरून सोन्यासारखे पिकले, तरी कापल्यावर आत पांढरट, आंबूस साका निघू शकतो. पुण्यात हापूस येत नाही असे मी म्हणत नाही. येतो. पाने उत्तम येतात.

एवढे बोलले की गल्लीतले एक काका जुन्नर काढतात. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. जुन्नर तालुक्यात हापूस होतो, शिवनेरी हापूस म्हणून बाजारात येतो आणि कोकणातला संपत आला की त्याचा हंगाम भरात येतो. हे सगळे खरे आहे. काकांचे म्हणणे असे की जुन्नर पुणे जिल्ह्यात, आपणही पुणे जिल्ह्यात, मग अडचण काय? मोहोर जिल्हा बघून येत नाही, हे त्यांना पटवणे अवघड आहे. त्यांच्या नोकरीत पाणीसुद्धा जिल्हा बघून येत असे.

वास्तविक हापूसच्या या लहरींवर इलाज केव्हाच निघालेला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' दिली. नीलम दरवर्षी न चुकता फळणारा, हापूस चवीचा. लेकीने दोघांचे गुण घेतले. फळ मोठे, साका नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये 'सिंधू' काढली. तिची कोय इतकी पातळ की नसल्यासारखीच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'आम्रपाली' दशेरी आणि नीलम यांच्यापासून झालेली. तिचे झाड बुटके राहते आणि लहान अंगणात मावते. थोडक्यात, शहरातल्या माणसाला जे जे हवे ते शास्त्रज्ञांनी करून ठेवले आहे. पण आमच्या गल्लीत "रत्ना लावलाय" म्हटले की समोरचा एक क्षण थांबतो आणि विचारतो, "म्हणजे हायब्रीड का?" या प्रश्नाला उत्तर नसते. सिंधूबद्दल तर एका आजींनी अधिकृत तक्रार नोंदवली आहे. आमरस केल्यावर कोयी चोखायला मुलांना बसवायचे असते. कोयच नसेल तर मुलांनी दुपारभर करायचे काय?

आमच्या अंगणात केसर आहे आणि माझे मत विचाराल तर पुण्यात लावावा तो केसरच. पठारावरच्या कोरड्या हवेत तो रमतो. मराठवाड्यात त्याच्या बागाच्या बागा उभ्या आहेत. फळ गोड, वास चांगला, गराला रंग असा की रसात दुसरे काही घालावे लागत नाही. तरी पुण्यात "आमचा केसर आहे" हे सांगताना माणूस आवाज जरा खाली घेतो आणि पुढे "पण गोड असतो हं" असे जोडतो. या आंब्याला केसर हे नाव १९३४ मध्ये जुनागढच्या नबाबांनी त्याचा गर बघून दिले. पण शेवटी शिफारस नबाबाची. रत्नागिरीची नव्हे.

जात ठरली की कलम आणायला सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला जायचे. तिथल्या रोपवाटिकांमध्ये गिऱ्हाईक जे नाव घेईल त्या नावाचे कलम असते. कलम म्हणजे खाली रायवळ कोयीतून आलेला खुंट आणि वर चांगल्या जातीची डोळकाडी, मधे पट्टीने बांधलेला सांधा. पुण्यातला एप्रिल त्या सांध्याची परीक्षा घेतो. अनेकदा होते असे की वरची डोळकाडी गुपचूप वाळते आणि खालचा खुंट जोमाने फुटतो. मालक सुट्टीवरून परत येतात, लालसर कोवळी पालवी बघतात आणि घरात पेढे वाटतात. गल्लीच्या टोकाच्या बंगल्यात असा एक 'हापूस' आहे. फळ बिटकीएवढे, केसाळ, रस मात्र भरपूर आणि चव आंबटगोड. अस्सल रायवळ. चोखून खायला मला तरी तो आवडतो. पण ते कुटुंब त्याच्या फोडी करून, काट्याने, हापूस म्हणून देते आणि आम्ही सगळे दातात अडकलेले धागे जिभेने सोडवत मान डोलावतो. त्यांना खरे सांगणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मलेला नाही, आणि पुण्यासारख्या गावी ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल घ्यावा आणि दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवावे, असे पुस्तकात असते. पुण्यात दहा मीटर मोजायला टेप धरली तर तिचे दुसरे टोक शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाते. खोलीचे म्हणाल तर दीड फुटावर मुरूम लागतो, अडीच फुटांवर पहार ठणकन वाजते, आणि या दोहोंच्या मधे एक नळ निघतो. तो कुणाचा, कुठून कुठे जातो, चालू आहे की बंद, हे कुणालाच माहीत नसते. पहार लागली की मात्र लगेच कळते.

झाड उभे राहिले, चार थंड्या गेल्या आणि एका डिसेंबरात फांद्यांच्या टोकांना मोहोर दिसला, की झाड आपले राहत नाही. सकाळी फिरायला जाणारे कंपाउंडपाशी थांबू लागतात. एक जण बुंध्याशी हिंगाचे पाणी घाला म्हणतो, दुसरा ताक, तिसरा काहीच घालू नका म्हणतो आणि मग बराच वेळ काहीच न घालण्याची पद्धत समजावून सांगतो. मागच्या वर्षी न फळलेल्या झाडाच्या खोडात लोखंडी खिळे ठोकावेत, असे सांगणारे एक गृहस्थ आहेत. ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतात. खाली झाडाशी आले की हे ज्ञान त्यांना होते.

मोहोराच्या एका तुऱ्यात फुले शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. त्यातली बहुतेक नर. फळ धरू शकणारी थोडी, त्यातली टिकणारी त्याहून थोडी आणि पूर्ण तुऱ्यामागे शेवटी एक-दोन आंबे हाती लागले तरी झाड लागले असे म्हणायचे. वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे तसे आहे हे: गर्दी पुष्कळ, कामाचा ठराव एखादाच. आणि तो ठरावही मंजूर करून घेतात माश्या. आंब्याचे परागीभवन मोठ्या प्रमाणात माश्यांवर चालते, अगदी साध्या, हाकलण्याजोग्या माश्यांवर. शेजारच्या सोसायटीत दर पंधरवड्याला धूर करून औषध मारतात. तिथे आवारात एक माशी दिसत नाही आणि झाडावर एक कैरी दिसत नाही. स्वच्छतेचे बक्षीस मात्र त्यांना मिळाले आहे.

त्याच सोसायटीत आंब्याखाली दोन गाड्यांची जागा आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे मोहोरातला रस पितात आणि खाली चिकट पाक सोडतात. त्यावर काळी बुरशी धरते. फेब्रुवारीत त्या जागेवर उभी केलेली पांढरी गाडी होळीपर्यंत करडी होते आणि दार उघडताना हात दाराला चिकटतो. त्यामुळे फेब्रुवारीत ही जागा कुणालाच नको असते. मे महिन्यात हवेत चाळीस अंश ऊन असते, पूर्ण आवारात तेवढीच काय ती सावली असते आणि मग ती जागा मुळात आपल्यालाच मिळालेली होती असे सांगणारी चार कुटुंबे कागदपत्रे घेऊन उभी राहतात. झाडाने हा वाद अनेक वर्षे न बोलता ऐकला आहे. मधूनच एखादी कैरी बॉनेटवर टाकून ते आपले मत नोंदवते.

पानांचा हिशेब वेगळाच. पाडव्याला गुढीला डहाळी, गणपतीला तोरण, घटस्थापनेला कलश, दसऱ्याला तोरण पुन्हा, शिवाय बारा महिने सत्यनारायण आणि वास्तुशांती. सकाळी साडेसहाला बेल वाजली की मी विचारत नाही, दार उघडतो. "पाच पानं हवी होती." लोक नारळ विकत आणतात, सुपारी, हळद-कुंकू, खण सगळे विकत आणतात, गुरुजींची दक्षिणा देतात, आंब्याची पाने मात्र विकत आणल्यास पूजा फळत नसावी. आणि पाच पाने मागणारा माणूस पाच पाने कधीच नेत नाही. तो फांदीचे टोक नेतो. त्या टोकाला पुढच्या वर्षीचा मोहोर यायचा असतो. एकदा मी धीर करून पाने स्वतः मोजून, पुसून, कागदात बांधून दिली. "एवढीच?" असे ऐकू आले.

चैत्र लागला की कैऱ्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे हवे, त्याला बाजारातली कैरी चालते, पण झाडाची असली तर बरी. प्रत्येक घरी "डाळीपुरती एकच" लागते. घरे पुष्कळ आहेत. उरलेल्यांचा निकाल वळीव लावतो. एप्रिलच्या अखेरीस दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेला आभाळ काळे होते, धुळीचा लोट येतो, पत्रे वाजतात आणि पंधरा मिनिटांत झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. वारा थांबण्याच्या आधी पिशव्या घेऊन गल्ली बाहेर आलेली असते. फांदी कुणाच्याही आवारातली असो, रस्त्यावर पडलेली कैरी सार्वजनिक आणि शेजाऱ्यांच्या आवारात पडलेली शेजाऱ्यांची, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. वाऱ्याची दिशा पाहून काही मंडळी आधीच जागा धरतात.

या पडलेल्या कैऱ्यांचे पुढे मेथांबा, गुळांबा, छुंदा आणि लोणचे होते. पंधरा दिवसांनी समोरच्या काकू त्यातले वाटीभर लोणचे आणून देतात. "तुमच्याच कैऱ्यांचं आहे हो!" आपल्या कैऱ्यांचे लोणचे आपल्याला भेट म्हणून मिळते, त्याबद्दल आभार मानायचे असतात आणि वाटी परत करताना ती रिकामी देता येत नाही. अशा रीतीने एका वळिवानंतर आमच्या घरातून दोन वेळा शंकरपाळे गेले आहेत.

वाऱ्यातून वाचलेले फळ पाखरांचे. पोपटांचा थवा सकाळी येतो, एक आंबा चोचीने टोचून टाकून देतो आणि दुसऱ्याकडे वळतो. खालचा आंबा संपवायची पद्धत त्यांच्यात नाही. राखी धनेश येतात ते जोडीने आणि जरा प्रतिष्ठितपणे. खारी दिवसभर. रात्री वटवाघळे. त्यांनी चघळून थुंकलेला चोथा सकाळी अंगणात मिळतो. यातून जे उरते त्यात फळमाशी अंडी घालते. तिच्यासाठी दापोलीच्याच विद्यापीठाने काढलेला 'रक्षक सापळा' मिळतो. आत नर माश्यांना भुलवणारा वास असतो. तो मी फांदीला टांगला त्या दिवशी कंपाउंडपाशी कुणी थांबेना. दोन दिवसांनी कळले की गल्लीने तो कॅमेरा समजला होता. त्या मोसमात कैऱ्या बऱ्यापैकी टिकल्या. तेव्हापासून सापळ्यातला वास संपला तरी मी सापळा काढत नाही.

मधे एकदा एक फांदी विजेच्या तारेला टेकू लागली. आपल्या अंगणात आपणच लावलेले झाड आपल्या मर्जीने तोडता येत नाही. १९७५ चा नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज करावा लागतो. कायदा चांगला आहे. त्याचे मूळ शोधायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापर्यंत मागे जावे लागेल. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, झाड जुने झालेच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावे, जबरदस्ती करू नये, अशी त्यात ताकीद आहे. आमची फांदी आरमारात जाणार नव्हती, तरी ती छाटायची आहे ही बातमी फुटताच ज्यांनी तिची पाने वर्षानुवर्षे ओरबाडली होती त्या सर्वांना तिच्याबद्दल माया दाटून आली. दोघांनी लेखी हरकत घेतली. एका हरकतीत ती फांदी आपल्या हद्दीत येत असल्याने तिच्यावर आपलाही हक्क पोहोचतो असे होते. दुसरीत व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून पहिलीच हरकत होती.

अर्थात फांदीवरून भांडणारी गल्ली अजून शिल्लक आहे, हेच पुष्कळ. प्रभात रस्त्याच्या आसपास, एरंडवण्यात, सहकारनगरात बंगले एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. तिथे नव्या इमारतीला 'आम्रकुंज' किंवा 'आमराई' असे नाव देतात. पुण्यात इमारतीच्या नावात आंबा असला की आवारात तो नाही असे समजायला हरकत नसते.

शेवटी पाड लागतो, म्हणजे पहिला पिकलेला आंबा आपणहून खाली येतो आणि उतरवणीची वेळ झाली असे झाड सांगते. काका सांगतात, अजून आठ दिवस थांबा. पोपट तितके थांबत नाहीत. झाडावर चढणारे आता पुण्यात कुणी उरलेले नाही. माळीबुवा झेला घेऊन येतात आणि देठासकट आंबा उतरवतात, कारण देठ मोडला की चीक फळावर ओघळतो आणि काळा डाग पडतो. हाताला लागला तर फोड येतात. आंबा हा शेवटी काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला आहे, आणि हे कुळ अंगाला लागणारेच. उतरवलेल्या फळांची पाहुण्यांच्या खोलीत पलंगाखाली वर्तमानपत्रांत अढी घालायची. चार-सहा दिवसांनी घरभर वास सुटतो आणि ज्यांच्याकडे अजून पिशवी गेलेली नाही ते "सहज" डोकावू लागतात.

वाटपात नात्याची प्रतवारी असते. सख्ख्या मैत्रीला अर्धा डझन, नुसत्या शेजाराला चार, हरकत घेणाऱ्यांना दोन, पण मोठे. म्हणजे त्यांना लाजही वाटावी आणि तक्रारही करता येऊ नये. ते वाक्य म्हणायचे, पिशवी द्यायची आणि दोन दिवस निकालाची वाट पाहायची. "छान होते" असा निकाल पुण्यात लागत नाही. "गोड आहेत, साल जाड आहे." "वास नंबर एक, फक्त एक दिवस लवकर कापला." "केसर म्हणून चांगला आहे." हा शेवटचा शेरा मला फार लागतो, पण त्यात आणखी अपील नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमचे अभियंते काका तीन महिने लेकीकडे न्यू जर्सीला जाऊन आले. आल्या आल्या कंपाउंडपाशी थांबले. तिकडच्या दुकानात मोठा, लालबुंद, दिसायला देखणा आंबा मिळतो, नाव टॉमी अॅटकिन्स. काकांनी हौसेने आणला, कापला आणि निकाल दिला, "आंबा नव्हे तो. दोरखंड आहे नुसता. गोडीच्या नावानं शून्य. तिकडच्या लोकांना आंबा म्हणजे काय ते कळलेलंच नाही." भारतातून येणारा खरा हापूस आणि केसर तिथे २००७ पासून मिळतो, किरणांचा मारा करून जातो, पण त्याच्या पेटीची किंमत काकांनी रुपयांत करून पाहिली आणि पेटी परत ठेवली.

मी त्यांना म्हटले, "काका, तो टॉमी आपल्या पुण्याचा पणतू लागतो."

काका कंपाउंडच्या आत आले. मग मी सगळे सांगितले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या आजच्या सीओईपीमध्ये, जी. मार्शल वुड्रो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गणेशखिंडची बाग तेच बघत. ती बाग १८७३ची, अजून आहे, आंब्याची जुनी झाडे अजून आहेत. अमेरिकेच्या शेती खात्याला आंब्याची कलमे हवी होती. १८८९ मध्ये पुण्याहून कलमांची रोपे बोटीने गेली. फ्लोरिडात लेक वर्थच्या काठी एल्ब्रिज गेल नावाचे निवृत्त प्राध्यापक राहत होते, त्यांच्याकडे त्यातली काही पोहोचली. थंडीने बाकीची गेली. एक कलम वाचले, मुलगोबाचे. १८९८ मध्ये त्याला फळ आले. तिथल्या लोकांनी तोवर खाल्लेले आंबे रायवळसारखे, केसाळ. हा खाल्ल्यावर सगळ्यांना झाड हवेसे झाले. मुलगोबाने तिथेही फळ द्यायला मोजमाप ठेवलेच. पण जॉन हेडन नावाच्या कॅप्टनने १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हला त्याच्या कोयी लावल्या, पुढच्याच वर्षी कॅप्टन वारला, बायकोने, फ्लोरेन्स हेडनने, रोपे सांभाळली आणि १९१० मध्ये त्यातल्या एका झाडाला लाल गालांचा आंबा आला. तो हेडन. टॉमी अॅटकिन्स त्याच हेडनच्या वंशातला. १९५० च्या दशकात तिथल्या जाणकारांच्या समितीने हा आंबा रेशा फार आणि चव बेताची म्हणून पुन्हा पुन्हा नापास केला. पण साल जाड, रंग छान, प्रवासात टिकतो, आठवडे दुकानात बसतो. बागायतदारांनी समितीला विचारले नाही. आज अमेरिकेच्या दुकानांत तोच मोठा झाला आहे.

काका बराच वेळ गप्प होते. वुड्रोंचे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतले. साल कोणते, बाग कुठली, बोट मुंबईहूनच सुटली ना, हे खातरजमा करून घेतले. मुलगोबा मूळचा दक्षिणेतला, पुण्याला नुसता वस्तीला होता, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले. तो मुद्दा त्यांनी हाताने बाजूला सारला. पुण्यात कोण मूळचे असते?

मग आमच्या केसरकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघून ते म्हणाले, "म्हणजे इथे होता तोवर चांगला होता."